लांब दांड्याचे कातरयंत्र घेताना

मेंदीचे कुंपण उंच वाढले की शिडीवर चढण्यापेक्षा जमिनीवरूनच चालणारे लांब दांड्याचे यंत्र आम्हांस बरे वाटते. मात्र दुकानात नुसती लांबी पाहू नये. दांडा पूर्ण लांबवून दोन मिनिटे उचलून धरावा. वजन टोकाला असल्याने पाच किलोही जड होतात. एकाच इंजिनाला गवतकापणी, करवत व कातर जोडता येणारे यंत्र बागायतदारास परवडेल. नुसते कुंपण असणाऱ्याने बॅटरीचे घ्यावे.

आणि कुंपणावरून विजेच्या तारा जातात काय? ॲल्युमिनियमच्या दांड्यातून वीज थेट अंगात उतरते. रबरी बुटांवर भरवसा ठेवू नये. तारेपासून किमान दहा फूट अंतर राहत नसेल, तर वीजखात्याकडून प्रवाह बंद करून घ्यावा. तोवर फांदी वाढली तर वाढू द्यावी.