गर्भ गळाला, तर दोष कुणाचा?
गुणसूत्रांचा जादा संच आणि द्राक्षगर्भ



मागच्या रोवणीच्या दिवसांत आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या एका वस्तीत गेलो होतो. तिथल्या एका सुनेला तिसरा महिना सरता सरता अंगावरून जाऊ लागले. दवाखान्यात सोनोग्राफी झाली, पिशवी साफ करावी लागली. डॉक्टरांनी सांगितले, ‘द्राक्षगर्भ’ होता. सासूने आम्हाला विचारले, “सिस्टरबाई, पोटात द्राक्षं कशी आली जी? ग्रहणात बाहेर निघाली होती, त्यानंच झालं ना?” नवऱ्याने बाजूला घेऊन विचारले, “आमच्या घरात सिकलसेल आहे. हेही तसंच रक्तातून आलं का?” सून काहीच बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली होती.

त्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. का नाही, ते आज समजून घेऊ.

संच म्हणजे काय?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशीत गुणसूत्रे असतात. शरीर कसे घडवायचे, कसे चालवायचे, याच्या सूचना त्यांच्यात असतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. आईकडून आलेला २३ चा एक संच आणि बापाकडून आलेला २३ चा दुसरा. असे दोन संच.

सिकलसेलमध्ये संच दोनच असतात, पण रक्ताच्या लाल रंगद्रव्याची एक सूचना बदललेली असते. ती आईबापांकडून लेकरांकडे येते, म्हणून लग्नाआधी तपासणी करा असे आपण सांगतो. आजचा विषय वेगळा आहे. इथे सूचना बदललेली नसते, तर २३ चा अख्खा संचच जादा आलेला असतो. ४६ च्या जागी ६९ होतात. याला त्रिगुणित अवस्था म्हणतात.

शेतात आहे, अंगातही आहे

जादा संच म्हणजे काही अघोरी प्रकार नाही. आपल्या बांधीतल्या धानाच्या पेशीत २४ गुणसूत्रे, म्हणजे दोन संच असतात. खपली गव्हात २८, म्हणजे चार संच. पोळीच्या गव्हात ४२, म्हणजे सहा संच. बाजारातल्या केळीत साधारणपणे ३३, म्हणजे तीन संच. तीनाची दोन सारख्या भागांत वाटणी होत नाही, म्हणून केळीत बी धरत नाही. आपण ते आवडीने खातो.

आपल्या अंगातही अशा पेशी आहेत. डेंग्यू झाला की “पेशी कमी झाल्या” असे आपण म्हणतो. त्या प्लेटलेट हाडांच्या मगजातल्या मोठ्या पेशींपासून तयार होतात. त्या मोठ्या पेशींत १६ किंवा ३२ संचसुद्धा असतात, आणि तेच त्यांचे नेहमीचे रूप आहे. यकृतातल्या काही पेशींत चार संच असतात. तेही निरोगीच.

म्हणजे काही झाडांना आणि शरीरातल्या काही पेशींना जादा संच चालतो. पण माणसाचे अख्खे बाळ तीन संचांवर वाढू शकत नाही. असे गर्भ बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच गळतात. क्वचित एखादे बाळ जन्माला येते, पण जगत नाही.

गर्भात नेमके काय घडते?

आईच्या बीजात एक संच असतो. बापाचे एक शुक्रबीज आत शिरते आणि त्याचा एक संच मिळून दोन होतात. एक शुक्रबीज आत गेले की बाकीच्यांना वाट बंद होते. कधी कधी ही वाट बंद व्हायच्या आत दोन शुक्रबीजे शिरतात, आणि संच तीन होतात. कधी आईच्याच बीजात जादा संच राहून जातो. हे सगळे दिवस राहतानाच घडते. तेव्हा बाईला दिवस राहिलेत हेही माहीत नसते.

जादा संच बापाकडचा असेल तर वारेचे कोंब पाण्याने फुगतात आणि द्राक्षाच्या लहान घोसासारखे दिसतात. हाच अर्धवट द्राक्षगर्भ. आमच्या त्या सुनेचा तसाच होता. दुसरा प्रकार पूर्ण द्राक्षगर्भाचा. त्यात संच बहुतेक दोनच असतात, पण दोन्ही बापाकडचे. आईचा संच नसतोच आणि बाळही बनत नाही.

मग दोष बापाचा का? तोही नाही. कोणते शुक्रबीज शिरावे, किती शिरावीत, हे कुणाच्या हातात नसते.

शंभर बायांना दिवस राहिल्याचे कळते, त्यातल्या साधारण १५ जणींचा गर्भ गळतो. पहिल्या तीन महिन्यांत गळणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. बऱ्याचदा एखादेच गुणसूत्र कमी-जास्त असते, काहींत अख्खा संच जादा असतो. म्हणून गर्भ गळालेली बाई एकटी नाही. तिच्या गल्लीत आणखी दोघी-तिघी असतील. त्या बोलत नाहीत, एवढेच.

ग्रहणात बाहेर निघाल्याने संच वाढत नाही. पपई खाल्ल्याने, पाण्याचा गुंड उचलल्याने, घरात भांडण झाल्याने किंवा कुणाच्या करणीने वाढत नाही. पाय पांढरा-काळा नसतो. मांत्रिकाला दिलेले पैसे तपासणीच्या कामी येतील.

पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. पूर्ण द्राक्षगर्भाचा धोका वीस वर्षांच्या आत आणि चाळिशीनंतर जास्त असतो. मुलीचे लग्न घाईने न करण्याचे हेही एक कारण.

केव्हा दवाखान्यात जावे?

दिवस राहिले असताना पुढचे काही दिसले तर थांबू नका:

– अंगावरून जाणे, मग ते थोडे का असेना.
– द्राक्षासारखे दाणे पडणे.
– पाणीही टिकू नये इतकी उलटी होणे.
– महिन्याच्या मानाने पोट फार मोठे वाटणे.
– पहिल्या पाच महिन्यांतच रक्तदाब वाढणे.

आशाताईंना सांगा, १०८ ला फोन करा. दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी घेऊ नका. सोनोग्राफी न करता गोळ्या घेतल्या तर द्राक्षगर्भ आहे हे कळतच नाही, आणि रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. तपासणी व उपचार जिल्हा सामान्य रुग्णालयात विचारा. तिथून नागपूरला ‘मेडिकल’मध्ये पाठवले तर जायला कचरू नका.

पिशवी साफ झाल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. निघालेला भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवला का? बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का? आणि पुढच्या तपासणीची तारीख कोणती? कागद फेकू नका, पिशवीत घालून पेटीत ठेवा.

“आता बरं वाटते” म्हणून थांबू नका

सगळ्यांत मोठी चूक इथे होते. द्राक्षगर्भाच्या काही पेशी आत राहून पुन्हा वाढू शकतात. अर्धवट प्रकारात हे शंभरातल्या एक ते पाच जणींना होते, पूर्ण प्रकारात पंधरा ते वीस जणींना. बाईला वरून काहीच जाणवत नाही. रक्तातली बीटा एचसीजी ही तपासणीच ते सांगते. ती दर एक-दोन आठवड्यांनी, आकडा नेहमीसारखा होईपर्यंत करायची. पुढेही डॉक्टर सांगतील तितके महिने करायची.

तोपर्यंत दिवस राहू देऊ नयेत. नवे दिवस राहिले की हाच आकडा वाढतो, मग जुना आजार उलटला की नवा गर्भ राहिला, हे कळत नाही. निरोध वापरावा किंवा डॉक्टर सांगतील ते साधन वापरावे. तांबी मात्र आकडा नेहमीसारखा होईपर्यंत बसवू नये. ही जबाबदारी नवऱ्याचीही आहे.

आजार वाढलाच तर औषधे आहेत. लवकर कळले तर जवळजवळ सगळ्याच बाया पूर्ण बऱ्या होतात, आणि बऱ्याच जणींना पुढे मूलही होते. पुढच्या वेळी पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता शंभरात एकीला.

विश्रांती हा तिचा हक्क

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. पुढे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भ गळाल्यावरही ६ आठवड्यांची भरपगारी रजा ठरवली. रोवणीला, विड्या वळायला जाणाऱ्या आपल्या बाईच्या हाती ती रजा सहसा पडत नाही. पण घर तर तिला विश्रांती देऊ शकते. तिला चार घास जास्त द्या, लोहाच्या गोळ्या द्या आणि टोमणे देऊ नका.

त्या सुनेने दोन तपासण्यांनंतर जाणे सोडले होते. “बरं वाटते, आणि तिकिटाला पैसे नाहीत,” म्हणाली. आम्ही सासूला हे सगळे समजावले, बोटांवर २३, ४६, ६९ मोजून दाखवले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी तिले उगाच बोलली.” पुढच्या तपासणीला सासूच सोबत गेली. पाचव्या रिपोर्टात आकडा नेहमीसारखा आला.

तुमच्या वस्तीत कुणाचा गर्भ गळाला असेल तर या रविवारी विहारातून परतताना तिच्या घरी जा. तिची पुढची तारीख विचारा, आणि सोबत कोण जाणार, तेही ठरवा.