रॅगिंग : ‘गंमत’ आणि कायदा



दरवर्षी एफईची नवी बॅच होस्टेलवर आली की ‘इंट्रो’ सुरू होतात. ‘त्यात काय, थोडी गंमत!’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण ती गंमत आहे की नाही, हे ठरवणार कोण? म्हणून मी महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगविरोधी कायदा वाचून काढला. कॉन्व्हेंटच्या मराठीत कायदा समजावणं म्हणजे दिव्यच, पण प्रयत्न करते.

रॅगिंग म्हणजे नक्की काय?

मारहाण झाली तरच रॅगिंग, असं पुष्कळांना वाटतं. कायद्यात मात्र विद्यार्थ्याला इजा, मानसिक त्रास, भीती किंवा लाज वाटेल असं कुठलंही वागणं येतं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, अगदी प्रॅक्टिकल जोकसुद्धा! एरवी जे तो राजीखुशीने करणार नाही, ते करायला लावणं हेही रॅगिंगच. यूजीसीच्या २००९च्या नियमांप्रमाणे सिनियरचं सबमिशन ज्युनियरकडून करून घेणं आणि पैसे उकळणं हेसुद्धा त्यात मोडतं. आणि हे कॉलेजच्या गेटबाहेर झालं तरी कायदा लागू होतो.

शिक्षा काय?

दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. चिथावणी देणाराही यातून सुटत नाही. कोर्टात दोषी ठरला, तर कॉलेजमधून नाव कमी होतं आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात ॲडमिशन नाही. म्हणजे इंजिनियरिंगच गेलं की हो!

२००९ साली हिमाचलमधल्या टांडा मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा विद्यार्थी सिनियर्सच्या मारहाणीनंतर वारला. २०१०मध्ये चौघांना चार वर्षांची शिक्षा झाली.

तक्रार कशी करायची?

सगळ्यात महत्त्वाचं हेच. माझ्या ओळखीची एक मुलगी पहिल्याच टर्ममध्ये आपलं कॉलेज सोडून घरी परत गेली. तिने रेक्टरना तीनदा सांगितलं होतं, पण तोंडी. कागदावर काहीच नव्हतं. त्यामुळे पुढेही काही झालं नाही.

म्हणून तक्रार लेखी द्या, प्रिन्सिपॉलच्या नावाने. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय झालं, कोणी पाहिलं, हे सगळं लिहा. दुसऱ्या कॉपीवर ऑफिसचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. ही पोच जपून ठेवा. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कोणीही तक्रार देऊ शकतं.

तक्रार हाती आल्यावर प्रिन्सिपॉलनी सात दिवसांत चौकशी करायची. सकृद्दर्शनी तथ्य दिसलं, तर आरोपी विद्यार्थ्याला सस्पेंड करून तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवायची. तथ्य नसेल, तर तसं लेखी कळवायचं. त्यांनी काहीच केलं नाही, तर कायदा म्हणतो की त्यांनी रॅगिंगला साथ दिली, शिक्षाही तीच! पोचेवरची तारीख का महत्त्वाची, ते आता कळलं ना?

कॉलेजने ऐकलंच नाही तर?

१. यूजीसीची हेल्पलाइन : १८००-१८०-५५२२. चोवीस तास चालू, कॉल फुकट.

२. थेट पोलीस स्टेशन. कॉलेजची परवानगी लागत नाही. मारहाण, कोंडून ठेवणं, धमकावणं हे भारतीय न्याय संहितेखाली वेगळे गुन्हे आहेत. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. नोंदवून घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्ट आहेच.

३. वकिलाचे पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलींना आणि एससी-एसटी विद्यार्थ्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मेडिकल रिपोर्ट, मेसेजेस, फोटो जपून ठेवा. रागाच्या भरात काही डिलीट करू नका.

सिनियर्सना एकच विनंती : ज्युनियरला जुन्या नोट्स द्या, मेसमध्ये शेजारी बसवा. इंट्रो तशीही होते! आणि ज्युनियर्सनो, घाबरू नका. एक कोरा कागद आणि पेन घ्या, आणि लिहायला लागा.