मुरी मासा आणि घरची मत्स्यपेटी

पावसाळा ओसरून नदीचे पाणी निवळले म्हणजे उथळ प्रवाहात, गोट्यांच्या आणि वाळूच्या तळाशी, बोटाएवढे लांबट व चपळ मासे हालताना दिसतात. चाहूल लागताच ते दगडाखाली शिरतात किंवा वाळूत मुरतात. देशावर यांतील काही माशांना मुरी किंवा मुरा म्हणतात. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये येथील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतील एका माशाला शास्त्रीय नाव देताना त्यांनी लोकांच्या तोंडचे मराठी नावच उचलले. ‘पॅराकॅन्थोकोबायटिस मूरेह’ या आजच्या शास्त्रीय नावात ती मराठी मुरी अद्याप नांदत आहे.

इंग्रजीत ‘लोच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशांच्या समूहात मुरी मोडते. रोहू आणि कटला ज्या गणात येतात त्याच गणात या समूहाचाही समावेश होतो. मात्र मुरीला खाद्यमासा म्हणून बाजारात फारसे स्थान नाही. शोभेच्या माशांच्या व्यापारात मात्र तिच्या भाऊबंदांना मोठी मागणी आहे. घरी किंवा शाळेत मत्स्यपेटी ठेवणाऱ्यांनी हे मासे कसे सांभाळावेत, आणि नदीशी त्यांचे नाते का विसरू नये, याचा येथे विचार केला आहे.

शरीररचना आणि सवयी

या माशांचे तोंड खालच्या बाजूस असते व त्याभोवती मिशा असतात. अंधारात तळ चाचपून अन्न शोधण्याचे काम या मिशा करतात. खवले अगदी बारीक व त्वचेत रुतलेले असल्यामुळे कातडी उघडी भासते. त्यामुळेच औषधांचा व मिठाचा परिणाम या माशांवर इतर माशांपेक्षा लवकर होतो. समूहातील काही कुलांत डोळ्याखाली एक काटा असतो. मासा घाबरला की तो काटा उभा राहतो व जाळीत अडकतो. म्हणून असे मासे जाळीने न उचलता प्लॅस्टिकच्या भांड्यात पाण्यासह उचलावेत.

काही जाती पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात व आतड्याच्या आवरणातून प्राणवायू शोषून घेतात. पाणी आटत चाललेल्या डबक्यात तग धरण्याची ही सोय होय. परंतु पेटीतील सर्वच मासे वारंवार वर येऊन तोंड उघडू लागले, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे असे समजून तत्काळ उपाय करावा.

पेटीची मांडणी

९० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद व ४० सेंमी उंच पेटीत काठोकाठ १४४ लीटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे १२० लीटर पाणी राहते. लहान पेटी सांभाळण्यास सोपी, हा समज चुकीचा आहे. पाणी जितके थोडे तितके ते लवकर तापते व लवकर बिघडते. भरलेल्या पेटीचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. म्हणून टेबल मजबूत व सपाट असावे आणि पेटी खिडकीच्या थेट उन्हापासून दूर ठेवावी.

तळाशी धुतलेली बारीक, गुळगुळीत वाळू पसरावी. धारदार खडीमुळे मुरीच्या मिशा झिजतात व जखमा होतात. नदीतील गोटे, खापराचे तुकडे व नारळाच्या करवंट्या यांच्यापासून लपण्याच्या जागा कराव्यात. आडोसा नसेल तर हे मासे सतत भेदरलेले राहतात व अन्न घेत नाहीत. ते उड्या मारतात, म्हणून पेटीवर झाकण असावे व नळ्यांभोवतीच्या फटी बुजवाव्यात.

पाण्यातील न दिसणारी व्यवस्था

नव्या पेटीतील मासे पहिल्या काही दिवसांत मरतात, हा अनेकांचा अनुभव आहे. दोष बहुधा माशांचा नसतो. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो व तो माशांना विषारी असतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जीवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर व काचेवर वस्ती करतात आणि त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, पेटी भरल्यावर एकदम अनेक मासे सोडू नयेत. दोन-तीन लहान माशांपासून आरंभ करून संख्या हळूहळू वाढवावी. दुसरा, फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्याखाली धुऊ नये, कारण क्लोरीनने जीवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. तिसरा, पेटी ‘स्वच्छ’ करण्यासाठी सर्व पाणी कधीही काढून टाकू नये. तसे केल्यास महिनाभराची घडी एका दिवसात विस्कटते.

आठवड्याचे काम

दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावे. १२० लीटर पाण्याच्या पेटीत हे प्रमाण ३० लीटर, म्हणजे १५ लीटरच्या दोन बादल्या, इतके येते. नळीने तळातील घाण शोषून पाणी काढावे. हे पाणी झाडांना घालण्यास उत्तम असते.

भरावयाच्या पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. ग्रामपंचायतीमार्फत पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकली जाते. माणसाच्या आरोग्यासाठी ते अत्यावश्यकच आहे. परंतु त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणून पाणी पसरट भांड्यात किमान एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. घाई असल्यास शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रावण सूचनेप्रमाणे घालावे. नव्या व जुन्या पाण्याच्या तापमानात फार फरक नसावा. बहुतेक जातींना २३ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. उन्हाळ्यात पाणी तापल्यास झाकणाच्या जागी जाळी लावून हवा खेळती ठेवावी.

वीज गेल्यास हवेचा पंप बंद पडतो. अशा वेळी तांब्याने पेटीतीलच पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा सोडावे. त्यामुळे पाण्यात हवा मिसळते. वीज नसताना अन्न घालू नये. बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ असल्यास उत्तम.

अन्न आणि सोबत

हे मासे तळाशी व बहुधा संध्याकाळनंतर खातात. वर तरंगणारे खाद्य इतर मासे संपवितात आणि मुरी उपाशी राहते. म्हणून दिवा मालवण्याच्या सुमारास तळाशी बसणाऱ्या गोळ्या द्याव्यात. उकडलेली काकडी, दोडका, तसेच डासांच्या अळ्याही चालतात. पाच मिनिटांत संपेल इतकेच अन्न द्यावे. समूहातील अनेक जाती कळपाने राहतात; एकटा मासा भित्रा होतो किंवा सोबतच्या माशांना त्रास देतो. निदान पाच-सहा मासे एकत्र ठेवावेत. नवे मासे दोन ते तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच पेटीत सोडावेत. औषध देण्याची वेळ आल्यास जाणकाराच्या सल्ल्याने कमी मात्रेपासून आरंभ करावा.

नदीशी असलेले नाते

अंगावर झेब्र्यासारखे पट्टे असलेला ‘बोटिया स्ट्रायाटा’ हा लोच जगभरच्या मत्स्यपेट्यांत आवडीने ठेवला जातो. बेंगळूरचे प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याचे वर्णन केले. हा मासा केवळ पश्चिम घाटातील नद्यांत, मुख्यतः कृष्णेच्या खोऱ्यात, सापडतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. घरच्या पेटीत तो सहसा वीत नाही व त्याच्या व्यापाराची भिस्त दीर्घकाळ नदीतून पकडलेल्या माशांवर राहिली आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या ज्या ओढ्यांत तो वाढतो, त्यांची वाळू उपसली गेली आणि पाणी गढूळ झाले, तर त्याला दुसरे घर नाही.

म्हणून खरेदी करताना मासा कोठून आला हे दुकानदारास विचारावे आणि संवर्धन केंद्रात पैदास झालेलेच मासे घ्यावेत. शिक्षकांनी मुलांना नदीकाठी न्यावे, काचेच्या भांड्यात मुरी दाखवावी व पाहणी होताच ती त्याच जागी सोडावी. शाळेच्या पेटीसाठी सहज पैदास होणारे गप्पी, प्लॅटी यांसारखे मासे पुरेसे आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचाही समावेश करण्यात आला. नदीवरील भार न वाढविता हा छंद पुरविण्याचा मार्ग अशा संगोपनातून जातो.

याच्या उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पेटीतील नकोसे झालेले मासे दयाबुद्धीने तळ्यात किंवा नदीत सोडले जातात. मूळचा दक्षिण अमेरिकेतील, काच चाटणारा सकर मासा अशाच रीतीने भारतातील अनेक जलाशयांत पोहोचला. तो तेथे वाढतो, तळ उकरतो आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. नको असलेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या छंदिष्टास द्यावा. पाण्यात सोडू नये. ही सूचना गावतळ्याच्या काठी फलकावर लिहिणे कोणत्याही ग्रामपंचायतीस अवघड नाही.

वाळू उपशास आळा घालणे, ओढ्यात विषारी पदार्थ टाकून मासे मारण्याची प्रथा थांबविणे आणि सांडपाणी प्रवाहात जाऊ न देणे ही कामे गावाच्या हातची आहेत. मत्स्यपेटी सांभाळणाऱ्यास पाणी बिघडले की मासा प्रथम ते सांगतो, हे अनुभवाने कळते. नदीच्या बाबतीत हेच काम मुरी करीत असते. ज्या ओढ्याच्या तळाशी ती दिसेनाशी झाली, त्या ओढ्याची विचारपूस गावाने वेळीच करावी.