बंद हौद्यातील धूळ

कच्च्या रस्त्यावरून धावणारे वाहन आपल्यामागे धुळीचा लोट उडवीत जाते, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु या लोटातील काही धूळ त्याच वाहनाच्या मागील हौद्यात शिरते, आणि तीही हौद्यावर टप चढवून फाळका घट्ट लावलेला असताना, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. वाहन पुढे जात असते, धूळ मागे पडत असते. मग मागे पडलेली धूळ वाहनाला गाठते कशी? या प्रश्नाचे उत्तर मिळाले, म्हणजे तिला अटकाव कसा करावा हेही उमगते.

पुढे चालकाची केबिन व मागे मालाचा हौदा अशी रचना असलेल्या वाहनास पिकअप म्हणतात. ऑस्ट्रेलियात त्याला ‘यूट’ हे नाव आहे. तेथील जिलाँग शहरातील फोर्डच्या कारखान्यात ल्यूइस बँड्ट या तरुण अभियंत्याने १९३४ साली शेतकऱ्यांच्या सोयीसाठी केबिन आणि हौदा एकसंध असलेले असे वाहन आखले. मरीपासून बर्ड्सव्हिलपर्यंतच्या ५१७ किलोमीटर लांबीच्या मार्गासारखे रस्ते त्या देशाच्या अंतर्भागात आहेत. अशा रस्त्यांवरील खड्ड्यांत पिठासारखी मऊ माती साचते, तिला तेथे ‘बुलडस्ट’ म्हणतात. आपल्याकडे बाडमेर, जैसलमेर या भागांतील कच्च्या वाटांवर हाच अनुभव येतो. अशा वाटांवरून औषधे, बियाणे, पीठ, पुस्तके किंवा उपकरणे न्यायची असतील, तर धुळीचा प्रश्न केवळ झाडलोटीचा राहत नाही.

वाळू आणि धूळ

ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड याने लिबियाच्या वाळवंटात मोटारींतून दूरवर प्रवास केले आणि १९४१ साली उडत्या वाळूच्या भौतिकीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळू आणि धूळ यांच्या वागणुकीत मूलभूत भेद आहे, हे त्याने स्पष्ट केले. वाळूचे कण जमिनीलगत उड्या घेत पुढे सरकतात. धुळीचे कण मात्र हवेत तरंगतात. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला सुमारे दोन सेकंद घेतो. त्याच्या एक दशांश आकाराच्या कणाला त्याच अंतरासाठी सुमारे दोन मिनिटे लागतात, आणि त्याहूनही दहापट लहान कणाला तीन तासांपेक्षा अधिक. एवढा हलका कण स्वतःच्या इच्छेने कोठेही जात नाही. हवा नेईल तिकडे तो जातो. म्हणून धूळ हौद्यात कशी शिरते, हा प्रश्न वस्तुतः हवा हौद्यात कशी शिरते, असा आहे.

दाबाचा खेळ

वाहन वेगाने पुढे जाते तेव्हा त्याच्या पुढील भागावर हवा आदळते व तेथे दाब वाढतो. वाहनाच्या मागे मात्र हवा पुरेशी लवकर भरून येत नाही. तेथे दाब कमी होतो आणि भोवरे निर्माण होतात. चाकांनी उडविलेली धूळ या भोवऱ्यांत सापडून फाळक्यापाशी घुटमळत राहते.

टपाच्या वरून व बाजूंनी जाणारा प्रवाह, विशेषतः टपाच्या पुढील कडांजवळ, आणखी कमी दाब उत्पन्न करतो. तेथे एखादी फट असेल किंवा बाजूची खिडकी उघडी असेल, तर हौद्यातील हवा तिच्यातून बाहेर ओढली जाते. बाहेर गेलेल्या हवेची जागा घेण्यासाठी नवी हवा आत येते. ती येते फाळक्याच्या फटींतून, आणि येताना तेथे घुटमळणारी धूळ बरोबर आणते. धूळ येऊ लागली की हवा खेळावी म्हणून बाजूच्या खिडक्या उघडण्याचा मोह होतो. त्याचा परिणाम नेमका उलटा होतो, तो यामुळेच.

हे दाबभेद अल्प असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते पाण्याच्या काही मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढेच भरतात. तथापि अरुंद फटीतून सेकंदाला काही मीटर वेगाने हवा ओढण्यास ते पुरेसे होतात. वेग दुप्पट केला तर दाबभेद चौपट होतो. म्हणून वेग कमी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

फटींचा शोध

फाळक्याभोवतीची फट क्षुल्लक वाटते. पण तिची एकूण लांबी ४ मीटर आणि रुंदी ३ मिलिमीटर असली, तर तिचे क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे फाळक्याला ११ सेंटिमीटर बाजूचे चौकोनी भोक पाडण्यासारखेच ते आहे.

फटी शोधण्याची सोपी रीत अशी. रात्री हौद्यात प्रखर दिवा ठेवावा, सर्व झडपा लावाव्यात आणि बाहेरून पाहावे. जेथून उजेड दिसेल तेथे खडूची खूण करावी. रबरी पट्टी नीट दाबली जाते की नाही हे पाहण्यासाठी कागदाची चिरोटी मध्ये धरून फाळका लावावा. कागद सहज ओढता आला तर तेथे दाब अपुरा आहे. प्रवासानंतर आत पंख्याच्या आकाराचे धुळीचे पट्टे उमटतात. त्यांचे टोक नेमके फटीकडे असते. फाळक्याच्या बिजागऱ्या, त्याचे खालचे दोन्ही कोपरे, टप व हौदा यांचा सांधा, बोल्टांची आणि दिव्यांच्या तारांची भोके व पाणी वाहून जाण्याची छिद्रे, ही नेहमीची ठिकाणे होत.

अटकाव

पट्टीसाठी ज्यातील बुडबुडे एकमेकांपासून अलग असतात असे स्पंज रबर घ्यावे. बुडबुडे एकमेकांस जोडलेले असतील तर पट्टीतूनच हवा झिरपते. उन्हात टिकणारे कृत्रिम रबर नैसर्गिक रबरापेक्षा बरे, कारण नैसर्गिक रबर उन्हाने तडकते. पट्टी फाळका लावल्यावर दबली पाहिजे. परंतु ती फार जाड असेल तर कडी बसत नाही व फाळका वाकतो. चिकटविण्यापूर्वी पृष्ठभाग धुऊन, कोरडा करून तेलकटपणा काढावा. पाण्याची छिद्रे कायमची बुजवू नयेत, अन्यथा पाणी साचून पत्रा गंजतो. त्यांना बाहेरच्या बाजूने रबरी झडप लावावी.

हे झाल्यावरच दुसरा उपाय योजावा. टपाच्या पुढील भागात, केबिनच्या छतापेक्षा उंचावर, पुढे तोंड असलेला झरोका ठेवून त्यावर गाळणी बसवितात. समोरून येणारी हवा गाळून आत शिरते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो आणि उरलेल्या फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. हा क्रम उलटा करून चालत नाही. फटींचे क्षेत्रफळ झरोक्यापेक्षा मोठे असेल, तर दाब वाढतच नाही. गाळणी वरचेवर झटकावी लागते, आणि पुढे दुसरे वाहन धूळ उडवीत असेल तर झरोका बंद करून अंतर वाढवावे लागते. नाजूक वस्तू याउपरही झाकणाच्या पेटीत ठेवाव्यात. कोणताही बंदोबस्त पूर्ण निर्दोष नसतो.

धुळीसोबत येणारा धोका

वाहनाचा धूरही त्याच्या मागेच बाहेर पडतो. ज्या वाटेने धूळ आत येते, त्याच वाटेने धूरही येतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही, आणि रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट दृढतेने जोडला जातो. फाळका उघडा टाकून टपाखाली माणसे बसविली, तर त्यांना मोकळी हवा मिळते असे वाटते. प्रत्यक्षात ती धुराच्या भोवऱ्यात बसलेली असतात. डोके दुखणे, मळमळणे व गुंगी येणे ही लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच दिसतात, म्हणून ती दुर्लक्षिली जातात. बंद हौद्यात माणसे वा जनावरे नेऊ नयेत, हा नियम म्हणूनच कसोशीने पाळावयास हवा.

हौद्यात साचलेली धूळ ही या दृष्टीने एक सूचनाही असते. जेथे धुळीचा पट्टा उमटला आहे तेथून बाहेरची हवा आत आली, एवढे तो निश्चित सांगतो. तो पुसून टाकण्यापूर्वी त्याचे टोक कोठे आहे हे पाहून घ्यावे.