शेत आपले, रानडुक्कर कोणाचे?

चंद्रपूर जिल्ह्यातले एक गाव. गावाला लागून जंगल. जंगलाला लागून नानाजींचे शेत. शेत दोन एकरांचे, धानाचे.

कापणीला पंधरा दिवस राहिले होते. धान भरून आले होते. एका रात्री रानडुकरांचा कळप बांधीत शिरला. डुकरांनी खाल्ले थोडे, तुडवले फार. सकाळी नानाजी धुऱ्यावर उभे राहिले. तोंडातून शब्द फुटेना. बियाणे उधारीचे, खत उधारीचे. आता फेडायचे कशातून?

घरी येऊन ते म्हणाले, "आज रात्री धुऱ्यावर तार बांधतो. खांबावर आकडा टाकतो. एक डुक्कर मेले की बाकीची फिरकणार नाहीत."

बायको चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अहो, आपल्या धुऱ्यावरून पहाटे कोण कोण जाते?"

नानाजी आठवू लागले. शेजारच्या बापूजींचा नातू बैल घेऊन जातो. कापणीच्या बाया अंधारातच निघतात. आणि नानाजी स्वतः? तेही त्याच वाटेने जातात.

"तारेला डोळे नसतात," बायको म्हणाली. "ती डुक्कर पाहत नाही, अन् पोरही पाहत नाही."

नानाजींनी तार तशीच कोपऱ्यात ठेवली. पण राग गेला नव्हता.

रात्री ते साक्षरता वर्गात गेले. तिथे त्यांनी विचारले, "गुरुजी, शेत माझे. सातबारा माझ्या नावाचा. माझ्या शेतात आलेले जनावर मी मारले, तर कोणाचे काय गेले जी?"

गुरुजी म्हणाले, "सातबाऱ्यावर जमीन आहे. विहीर आहे, झाडे आहेत. त्यावर डुक्कर लिहिले आहे काय?"

सगळे हसले. गुरुजी पुढे बोलले, "डुक्कर काल जंगलात होते. रात्री तुमच्या बांधीत आले. आज बापूजींच्या बांधीत जाईल. त्याला धुरा कळत नाही. म्हणून ते कोणा एकाचे नाही. १९७२ साली वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. परवानगीवाचून शिकार करणे हा गुन्हा आहे. शेत स्वतःचे असले तरी गुन्हाच. मारलेले जनावर सरकारजमा होते."

नानाजी चिडून म्हणाले, "म्हणजे जनावराची काळजी सरकारला. अन् आमची कोणाला?"

"प्रश्न खरा आहे," गुरुजी म्हणाले. "पोट भरलेल्याने उपाशी माणसाला दया शिकवू नये. कायद्यालाही हे ठाऊक आहे. त्याचे ११ वे कलम पाहा. रानडुकरासारखे जनावर उभ्या पिकाला घातक झाले, तर अधिकारी ते मारण्याची परवानगी देऊ शकतो. पण ती लेखी हवी, आणि तिच्यात कारण हवे. पिकाच्या नुकसानीची भरपाईही मागता येते. आणि जनावर अंगावर धावून आले, तर जीव वाचवण्यासाठी त्याला मारणे हा गुन्हा नाही."

बापूजी वर्गातले सर्वांत वयस्क. ते म्हणाले, "माझ्या आज्याच्या वेळी लोक शिकार करीत. पण आजा सांगे, गाभण मादी मारू नये. जखमी जनावर तडफडत टाकून येऊ नये."

"हीच मर्यादा," गुरुजी म्हणाले. "परवानगी मिळाली तरी ही मर्यादा सुटत नाही. मारणारा माणूस समोर पाहतो. मादी आहे की नर, हे पाहतो. मागे कोणी उभे आहे काय, हेही पाहतो. जिवंत तार पाहत नाही. फास पाहत नाही. आपण घरी झोपलेलो असतो, आणि आपल्या नावाने ती मारीत असते. माणूस मेला तर आपल्यावर मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात, नागभीड भागात, श्रीनिवास नावाचा तरणा वाघ शेतातल्या जिवंत तारेला लागून मेला. आता सांगा, डुकराला कोण खातो?"

"वाघ, बिबट, रानकुत्री," बापूजी म्हणाले.

"मग तारेने वाघ मेला, तर फायदा कोणाचा?"

"डुकराचाच!" नानाजी म्हणाले. या वेळी तेही हसले.

मग काय करावे, याचा विचार झाला. एकट्याने जागल केली तर माणूस थकतो. म्हणून पाच शेतकऱ्यांनी पाळ्या लावल्या. धुऱ्याकाठची झुडपे तोडली, कारण दिवसा डुकरे तिथे लपत. सगळ्यांनी मिळून बॅटरीवरचे झटका मशीन घ्यायचे ठरवले. त्याच्या तारेत वीज क्षणभर येते आणि थांबते. जनावर दचकून पळते, मरत नाही. मात्र ती तार घरच्या किंवा खांबाच्या विजेला कधीही जोडायची नाही.

भरपाईचा अर्ज नानाजींनी स्वतः लिहिला. हा त्यांचा पहिला अर्ज. दोन ओळी चुकल्या, त्या पुन्हा लिहिल्या. वनरक्षक आला. पंचनामा झाला. नानाजींनी तो आधी वाचला, मगच सही केली.

भरपाई उशिरा आली. तीतून सगळी उधारी फिटली नाही. थोडी पुढच्या सालावर राहिली. पण कापणीच्या दिवशी पहाटे बापूजींचा नातू बैल घेऊन धुऱ्यावरून गेला. नानाजींनी त्याला हाक मारली, "सावकाश जा रे!" पोराने वळून हात केला.

हे लक्षात ठेवा

१. नुकसान झाले की वनखात्याला लगेच लेखी कळवा. पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसे ठेवा.
२. पंचनामा वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका.
३. आकडा टाकून तारेत वीज सोडू नका.

प्रश्न

१. बायकोने नानाजींना काय विचारले? त्या प्रश्नाने काय बदलले?
२. जमीन आपली असली तरी रानडुक्कर आपले का नाही?
३. जनावर मारण्याची परवानगी मिळाली, तर मारणाऱ्याने कोणती मर्यादा पाळावी? वर्गात चर्चा करा.
४. भरपाईचा अर्ज आपल्या हाताने लिहून पाहा.