वैद्यकीय विद्यार्थ्याचा लॅपटॉप : निवड कशी करावी?

विद्यार्थिमित्रहो, विद्येचे साधन पारखून घेणे हाही विद्येचाच एक भाग आहे. आपल्यापैकी काहींच्या मनात पुढे डॉक्टर व्हावे अशी आकांक्षा आहे, आणि तिच्यासाठी सुरत सोडून दूर जावेच लागते असेही नाही. मजुरा गेटजवळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६४ साली स्थापन झाले. पुढे सुरत महानगरपालिकेनेही ‘स्मीमेर’ या नावाने ओळखले जाणारे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय उभारले. नीट परीक्षेत यश मिळून प्रवेश निश्चित झाला की घरोघरी जे प्रश्न उभे राहतात, त्यांत हल्ली एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : लॅपटॉप कोणता घ्यावा?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण तो तसा नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील आपली कितीतरी कुटुंबे खानदेशातून पोटापाण्यासाठी येथे आली. यंत्रमागावर, रंगाईच्या मिलमध्ये किंवा कापडबाजारात राबून ती मुलांना शिकवीत आहेत. अशा घरात लॅपटॉपची खरेदी म्हणजे अनेक महिन्यांची शिल्लक होय. ‘स्वस्तातले यंत्र घेतले तर मूल मागे पडेल,’ या एका भीतीपोटी कर्ज काढावयास निघालेले पालक आम्ही पाहिले आहेत. ही भीती अनाठायी आहे, हे दाखविणे आणि निवडीची रीत समजावून सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

यंत्राला काम काय?

कोणतीही वस्तू घेताना ‘ही किती चांगली?’ असे न विचारता ‘हिला काम काय?’ असे विचारावे. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे मुख्य विषय असतात. या काळात लॅपटॉपवर विद्यार्थी काय करतो? पुस्तके व शोधनिबंध वाचतो, व्याख्यानांच्या चित्रफिती पाहतो, टिपणे लिहितो, भाषणासाठी चित्रपट्ट्या तयार करतो. पुढे समाजवैद्यकशास्त्रात सर्वेक्षणाची कोष्टके मांडतो. आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या विद्यार्थी-संशोधन योजनेत भाग घेतल्यास त्याचा अहवालही लिहितो.

या यादीत एकही काम असे नाही की ज्याला फार बलवान यंत्र लागावे. चित्रपटांचे संकलन करणाऱ्यांना किंवा संगणकावरील खेळ खेळणाऱ्यांना जे महागडे चित्र-संस्कारक, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, हवे असते, त्याची वैद्यकीय विद्यार्थ्याला गरज नाही. उलट त्याने यंत्र जड होते, तापते आणि वीज अधिक खाते. दुकानदार याच भागाची स्तुती अधिक करील. तेव्हा सावध असावे.

पारखण्याच्या पाच गोष्टी

पहिली गोष्ट स्मृतीची. संगणकात दोन प्रकारची साठवण असते. रॅम म्हणजे आपले अभ्यासाचे मेज, आणि एसएसडी म्हणजे पुस्तकांचे कपाट. मेज लहान असेल तर एक पुस्तक मिटल्याशिवाय दुसरे उघडता येत नाही. कपाट लहान असेल तर पुस्तके ठेवण्यास जागा उरत नाही. आज ८ जीबी रॅम ही किमान मर्यादा समजावी. १६ जीबी मिळाल्यास उत्तम. काही यंत्रांत रॅम कायमची डाखलेली असते आणि पुढे वाढविता येत नाही. ‘ही वाढविता येईल काय?’ हे खरेदीपूर्वीच विचारावे. कपाटाचा हिशेब आपणच करून पाहू. समजा, एका तासाच्या व्याख्यानाची चित्रफीत ५०० एमबी जागा घेते. अशी २०० व्याख्याने साठविली तर सुमारे १०० जीबी जागा लागेल. म्हणून ५१२ जीबीचे कपाट पुरेसे होते.

दुसरी गोष्ट पडद्याची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या ऊतींना बहुधा दोन रंग देतात. एकाने पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, तर दुसऱ्याने पेशीद्रव गुलाबी दिसते. या छटांतील भेद ओळखणे हाच तेथे अभ्यास असतो. पडदा फिकट असेल, किंवा थोडे बाजूने पाहताच रंग पालटत असतील, तर तो भेद कसा कळावा? यासाठी आयपीएस प्रकारचा, १९२० × १०८० बिंदूंचा आणि शक्यतो एसआरजीबी रंगश्रेणी जवळजवळ पूर्ण दाखविणारा पडदा घ्यावा. दुकानात एखादे रंगीत चित्र उघडून ते समोरून व दोन्ही बाजूंनी पाहावे.

तिसरी गोष्ट बॅटरीची. तिच्यावर वॉट-तासांत एक आकडा छापलेला असतो. यंत्र ताशी सरासरी जितकी वीज घेते, तिने या आकड्याला भागले की यंत्र किती तास चालेल ते समजते. समजा, बॅटरी ५६ वॉट-तासांची आहे आणि वाचन-लेखनात यंत्र ८ वॉट वीज घेते; तर ५६ ÷ ८ = ७, म्हणजे ७ तास. व्याख्यानगृहात प्रत्येक बाकाजवळ विजेची खुंटी असेलच असे नाही. म्हणून हा भागाकार महत्त्वाचा. बॅटरी वापराने क्षीण होत जाते. तेव्हा चार-पाच वर्षांत ती एकदा बदलावी लागेल हेही गृहीत धरावे, आणि त्या यंत्राची बॅटरी सुरतेत सहज मिळते ना याची चौकशी करावी.

चौथी गोष्ट वजनाची. पुस्तके, ॲप्रन, पाण्याची बाटली यांत लॅपटॉपची भर पडणार. १४ इंची पडद्याचे, दीड किलोच्या आतले यंत्र बरे.

पाचवी गोष्ट आयुष्याची. साडेपाच वर्षे म्हणजे ६६ महिने. समजा, एक यंत्र ४५,००० रुपयांचे आहे आणि दुसरे ९०,००० रुपयांचे. पहिल्याचा मासिक खर्च सुमारे ६८२ रुपये पडतो, दुसऱ्याचा सुमारे १,३६४. दुसरे यंत्र खरोखर दुप्पट उपयोगी पडेल काय, असा प्रश्न स्वतःला विचारावा. वाचलेल्या पैशांत चांगला स्टेथोस्कोप व पुस्तके येऊ शकतात.

जुने यंत्र घ्यावे काय?

ऐपत नसल्यास घेण्यास हरकत नाही. मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते काय, हे पाहणे आवश्यक आहे. इंटेलच्या प्रक्रियकाचे यंत्र असल्यास ते सामान्यतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचे असावे. बॅटरी, पडदा, कळफलक आणि चार्जर समक्ष तपासावेत आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते!

आणखी एक सूचना : प्रवेश निश्चित होण्यापूर्वी लॅपटॉप घेऊ नये. महाविद्यालयात गेल्यावर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारावे, ग्रंथालयात संगणकांची सोय कशी आहे ते पाहावे, आणि मगच बाजारात जावे. पहिले काही आठवडे यंत्रावाचून काहीच अडत नाही.

लॅपटॉप काय करू शकत नाही?

शरीररचनाशास्त्राचा ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा विख्यात ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आकृत्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरने काढल्या होत्या. हाच कार्टर त्याच वर्षी मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक झाला आणि पुढे तेथील प्राचार्यही झाला. ज्याच्या आकृत्यांवर जगभरचे विद्यार्थी शिकले, त्याने त्या विच्छेदन करता करता, डोळ्यांनी पाहून आणि हाताने रेखून काढल्या होत्या. हाताने आकृती काढणारा जे पाहतो, ते नुसती पाने सरकविणाऱ्याच्या नजरेतून निसटते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवितात आणि आशयाच्या प्रश्नांत मागे पडतात, असे आढळले होते. नंतरच्या प्रयोगांत हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही, हे खरे. तरी वही व पेन्सिल टाकून द्यावी असे कोणीही म्हटलेले नाही. रुग्णाची नाडी तर बोटांनीच पाहावी लागते.

दोन जबाबदाऱ्या

यंत्र हाती आले की दोन गोष्टींचे व्रत घ्यावे. पहिली, साठविलेल्या अभ्यासाची दुसरी प्रत नेहमी दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला आलेल्या महापुराने सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता, हे वडीलधाऱ्यांना विचारा. घरात पाणी शिरते तेव्हा वह्या आणि यंत्र दोन्ही एकदमच जातात. म्हणून एक प्रत वेगळ्या साठवण-पेटीत आणि एक इंटरनेटवरील सुरक्षित जागेत असावी.

दुसरी जबाबदारी याहून मोठी आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हाती रुग्णाची माहिती येते. कुटुंब दत्तक कार्यक्रमात तर तो खेड्यातील घरांत जाऊन नोंदी घेतो. त्या माणसाने आपले दुखणे विश्वासाने सांगितलेले असते. त्याचे नाव, छायाचित्र वा अहवाल मित्रमंडळींत पाठविणे हा विश्वासघात होय. भारतात २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला; पण कायदा नसता तरी हा धर्म पाळावयास हवाच होता. लॅपटॉपला संकेतशब्द लावावा, साठवण कुलूपबंद करण्याची सोय चालू ठेवावी, आणि यंत्र दुसऱ्यास विकताना सारी माहिती पूर्णपणे पुसून टाकावी.

कळफलक आणि मातृभाषा

शेवटी एक छोटी गोष्ट. आम्ही घरी कोंकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो आणि बाजारात गुजराती. सुरतेच्या इस्पितळात येणारा रुग्णही कधी गुजराती बोलतो, कधी मराठी, कधी अहिराणी, कधी हिंदी. वैद्यकाची पुस्तके इंग्रजीत असली तरी औषध कसे घ्यावे हे त्याला त्याच्या भाषेत लिहून मिळाले पाहिजे. इनस्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी यासाठी फार सोयीची आहे. ती बहुतेक संगणकांत विनामूल्य असते, आणि भारतीय लिप्यांसाठी तिची मूळ मांडणी एकच आहे. ‘क’ची कळ देवनागरीत जी, तीच गुजरातीतही. म्हणजे आज शाळेत मराठी टंकलेखन शिकलेल्या बोटांना उद्या गुजराती लिहिणे जड जाणार नाही. याला पैसा लागत नाही. रोज पंधरा मिनिटांचा सराव तेवढा लागतो.

तेव्हा मित्रहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. साधे, हलके, चांगल्या पडद्याचे आणि दुरुस्त होण्याजोगे यंत्र घ्यावे, त्याची काळजी घ्यावी आणि उरलेले लक्ष अभ्यासाकडे द्यावे. आईवडिलांच्या कष्टाचे चीज यंत्राच्या किमतीने होत नाही; ते त्यावर केलेल्या अभ्यासाने होते. आपल्यापैकी जे या मार्गाने जातील, त्यांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!