फ्लशची नळी घेताय? जाळी नव्हे, आधी नट बघा

हिंगोली शहराला सिद्धेश्वर धरणाचे पाणी मिळते, पण नळ चोवीस तास चालत नाही. घरोघरी गच्चीवर टाकी असते. रात्री फ्लशची नळी फुटली, तर हजार लिटरची टाकी सकाळपर्यंत रिकामी होते आणि वर टँकरचा खर्च. म्हणून शे-दोनशेची ही वस्तू घाईत घेऊ नका.

काय मागायचे? हार्डवेअरच्या दुकानात ‘कनेक्शन पाइप’ म्हणा. दोन्ही टोके बहुतेक अर्ध्या इंचाची असतात. लांबी १२, १८, २४ किंवा ३६ इंच. अँगल कॉकपासून फ्लशच्या टाकीच्या तोंडापर्यंत मोजा, वर दोन-तीन इंच सैल धरा. जुनी नळी सोबत नेली, तर दुसरी चक्कर वाचते. एवढ्यासाठी नांदेड गाठण्याची गरज नाही.

खर्च किती? साधी पीव्हीसी नळी अंदाजे ४० ते १०० रुपये, स्टीलच्या जाळीची १८ इंची १२० ते ३०० रुपये, मोठ्या कंपनीची त्याहून महाग. जुना अँगल कॉक फिरत नसेल तर तोही आत्ताच बदला. पितळी कॉकला ३०० ते ७०० रुपये धरा.

निवडायची कशी? नट पितळी हवा. प्लास्टिकचा नट जास्त आवळला की चीर पडते आणि काही महिन्यांनी तो फुटतो. जाळीसाठी पाकिटावर ‘३०४’ हा आकडा शोधा. चुंबक लावून दाखवणाऱ्यावर विसंबू नका: हलके २०२ स्टील आणि ॲल्युमिनियमही चुंबकाला चिकटत नाहीत. आणि ३०४ घेतली तरी संडास धुण्याच्या ॲसिडच्या वाफेने जाळी गंजते. बाटली बाथरूममध्ये उघडी ठेवू नका. थेंब उडाले तर जाळी लगेच पाण्याने धुवा.

बसवायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. आतला रबरी वायसर जागेवर आहे ना, ते बघा. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. वायसर असलेल्या टोकाला टेफलॉन टेप लागत नाही. टेप फक्त भिंतीकडच्या आट्यांना. रात्री खाली कोरडा कागद ठेवा, सकाळी तो ओला दिसला तर गळती आहे.

छुपा खर्च कुठे? ‘सामान मीच आणतो’ म्हणणाऱ्या प्लंबरकडून पाकीट आणि बिल मागा. येण्याचे पैसे आणि मजुरी वेगवेगळी की एकत्र, हे आधीच ठरवा. नळीसोबत आलेल्या वायसरचे वेगळे पैसे देऊ नका. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर जीएसटी लावला तर नकार द्या.

जेट स्प्रेची नळी याहून नाजूक. नुसता खटका सोडला तर नळीत दाब तसाच राहतो. वापर झाला की अँगल कॉक बंद करा. गावाला जाताना फ्लशचाही करा.

बिल घ्याच. जीएसटी नोंदणी असलेला दुकानदार २०० रुपयांखालच्या विक्रीला एरवी बिल टाळू शकतो, पण तुम्ही मागितले तर द्यावे लागते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू नाही: बिलावर मुदत असेल तर तेवढ्यात, नसेल तर ३० दिवसांत तो परत घ्यायला नकार देणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही जमले नाही, तर हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. बिल आणि फुटलेली नळी, दोन्ही जपून ठेवा.